आठवड्याची सेवा जिल्ह्याच्या गावी: खानदेशातील स्वमग्न मुलांसाठीच्या सरकारी सेवांचे परीक्षण

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांना ज्या सरकारी सेवांच्या दारात जावे लागते, त्या सेवांचे हे परीक्षण आहे. तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी आमचे कुटुंब राहते, माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि खाली ज्यांविषयी लिहिले आहे त्यांतील बहुतेक सेवा आम्ही स्वतः वापरलेल्या आहेत किंवा वापरण्याचा प्रयत्न केलेला आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. आयुष्यात एकदा किंवा वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, कार्ड, विम्याची नोंदणी, गेल्या काही वर्षांत खरोखर सुधारल्या आहेत. दर आठवड्याला लागणारी गोष्ट, म्हणजे थेरपी, मात्र अजूनही जिल्ह्याच्या गावीच अडकून पडलेली आहे, आणि मुलाच्या आयुष्यात फरक पडतो तो या दुसऱ्या गोष्टीने.

सुधारणा किती झाली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते आणि स्वमग्नतेचे नाव त्यांत नव्हते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेची दखल घेतली, पण त्याचा विषय मुख्यतः पालकत्व आणि देखभाल हा होता. त्यामुळे प्रमाणपत्र हवे असेल तर मुलाला मतिमंद म्हणून नोंदवून घेण्याखेरीज पुष्कळ पालकांपुढे मार्ग नसे. ज्या मुलाला रेल्वेचे वेळापत्रक तोंडपाठ आहे, पण भूक लागली हे सांगता येत नाही, त्याच्या कागदावर तो शब्द पाहताना आईबापांना काय वाटत असेल हे वेगळे सांगायला नको. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला, त्यात 21 प्रकार आले आणि स्वमग्नता आपल्या स्वतःच्या नावाने आली. महाराष्ट्राने 3 डिसेंबर 2022 रोजी दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही सुरू केला.

प्रमाणपत्राच्या सेवेबद्दल मी चांगले लिहू शकते. 1 जून 2021 पासून हे प्रमाणपत्र केवळ केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरून, यूडीआयडी कार्डासह (दिव्यांग व्यक्तीचे देशभर चालणारे ओळखपत्र) देण्याचे बंधन आले, आणि त्यामुळे अर्ज हरवला, फाईल सापडत नाही, साहेब रजेवर आहेत ही उत्तरे बऱ्याच अंशी थांबली. अर्ज घरून किंवा गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रातून भरता येतो, अर्जाचा क्रमांक मिळतो आणि तो कोणत्या टप्प्यावर आहे हे मोबाईलवर दिसते. ऑक्टोबर 2024 च्या सुधारित नियमांनी कार्डांना रंग दिले आहेत: 40 टक्क्यांहून कमी दिव्यांगत्वासाठी पांढरा, त्यावर पिवळा आणि 80 टक्क्यांपासून पुढे निळा. मात्र त्याच नियमांनी प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली, आणि हे मला पटलेले नाही. शाळेचा प्रवेश, बसची सवलत, विमा, अनुदान हे सारे त्या एका कागदावर अवलंबून असते, आणि लहान मुलाचे तीन महिने मोठ्या माणसाच्या तीन महिन्यांइतके स्वस्त नसतात.

प्रत्यक्ष तपासणीच्या दिवसाबद्दल मात्र वेगळे लिहावे लागेल. स्वमग्नतेचे प्रमाण ठरवण्यासाठी आपल्याकडे ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात 40 बाबी आहेत, त्या सहा गटांत विभागलेल्या आहेत, आणि सामाजिक संबंध, भावनांचा प्रतिसाद, भाषा व संवाद, वागण्याची पद्धत, आवाज-प्रकाश-स्पर्श यांची संवेदना व आकलन यांना एक ते पाच असे गुण दिले जातात. एकूण गुण 70 पेक्षा कमी आले तर स्वमग्नता नाही, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी विभागणी आहे. ही मोजपट्टी नीट भरायची तर मुलाला शांतपणे पाहावे लागते आणि आईवडिलांशी निवांत बोलावे लागते. खानदेशातील ज्या जिल्हास्तरीय रुग्णालयात आम्ही गेलो होतो, तिथे वैद्यकीय मंडळाच्या, म्हणजे प्रमाणपत्रासाठी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या, दिवशी सर्व प्रकारच्या दिव्यांग व्यक्ती एकाच वेळी, एकाच बोळात, सकाळपासून उभ्या होत्या. पंखे बंद, मे महिना, माईकवरून नावांचा पुकारा, आणि माझ्या मुलाला मोठा आवाज सहन होत नाही. आमचा नंबर आला तेव्हा तो कान दाबून जमिनीवर बसलेला होता, आणि त्या अवस्थेत त्याचे जे काही दिसले तेच कागदावर उतरले.

दोष तपासणाऱ्यांचा नव्हता. खोलीतल्या मानसशास्त्रज्ञ ताई उठून त्याच्याजवळ जमिनीवर येऊन बसल्या, त्यांनी त्याच्या हातातली बाटली मागितली, परत दिली, पुन्हा मागितली, आणि तेवढ्या खेळातून त्यांना पुष्कळ काही कळले असे त्यांच्या प्रश्नांवरून मला जाणवले. पण बाहेर रांग होती आणि त्यांना उठावे लागले. येथे जे हवे आहे ते खर्चाचे नाही. स्वमग्न मुलांना वेळ ठरवून बोलवावे, त्यांच्यासाठी दिवसातला पहिला तास राखून ठेवावा, नाव माईकवर न पुकारता जवळ येऊन सांगावे, आणि एक दार लागणारी खोली द्यावी. पोर्टलवर अर्जातच दिव्यांगत्वाचा प्रकार नोंदवलेला असतो, त्यामुळे कोणाला शांत खोली लागणार हे मंडळाला आधीपासून माहीत असते.

प्रमाणपत्राच्या आधीचा टप्पा गावातल्या प्राथमिक तपासणीचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातील पालघर येथून देशभर सुरू झाला. दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे दोष, आजार, कमतरता व विकासातील विलंब तपासते. आखणी उत्तम आहे आणि हृदयाच्या छिद्रापासून दुभंगलेल्या ओठापर्यंत अनेक मुलांना तिचा फायदा झालेला आपण पाहतो. स्वमग्नता मात्र अशा भेटीत निसटते, कारण ती अंगावर दिसत नाही. कोपऱ्यात एकट्याने चाकाशी खेळत बसलेले मूल त्रास देत नाही, रडत नाही, वजन-उंचीतही मागे नसते. त्याला रोज पाहणारी व्यक्ती एकच असते आणि ती म्हणजे अंगणवाडी सेविका. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली, तिच्यात सेविकेने विकासाचे टप्पे पाहून शंका नोंदवावी आणि आशा ताईंच्या व पथकाच्या मदतीने मुलाला पुढे पाठवावे असे ठरवून दिलेले आहे. दिशा बरोबर आहे. सेविकेला नाव घेतल्यावर मूल वळून पाहते का, बोट दाखवून काही मागते का, दुसऱ्याचे पाहून खेळते का, एवढे पाहायला शिकवले आणि तिने नोंदवलेली शंका कोणी हसण्यावारी नेली नाही, तरी खानदेशात चौथ्या-पाचव्या वर्षी कळणारी मुले दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळतील.

आपल्या भागाची एक अडचण या आखणीत मावलेली नाही. नंदुरबार, धुळे आणि चाळीसगावकडची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून जातात आणि उन्हाळ्यात परततात. पथक गावात येते तेव्हा मूल गुजरातेत कोणत्या तरी फडावर असते. अशा मुलाची नोंद गावच्या रजिस्टरमध्ये ‘गैरहजर’ एवढीच राहते. त्यांच्यासाठी जूनमध्ये, पेरणीच्या आधी, वेगळी फेरी ठेवावी लागेल.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तपासणीत शंका आलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची व्यवस्था आहे. तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, स्पीच थेरपिस्ट, फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक असा चमू एका छताखाली असावा आणि सेवा विनामूल्य मिळावी अशी कल्पना आहे. आम्हाला ज्या केंद्राचा अनुभव आला, तिथल्या कर्मचाऱ्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे. स्पीच थेरपिस्टने माझ्या मुलाला पहिला उपयोगी संकेत शिकवला. पाणी हवे असेल तेव्हा तो माझा हात ओढून माठाकडे नेत असे, त्याऐवजी तो चित्राचे कार्ड माझ्या हातात देऊ लागला, आणि त्या एका बदलाने आमच्या घरातला रोजचा आकांत निम्म्यावर आला. म्हणजे सेवा गुणकारी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अडचण अशी की ही सेवा सतत, आठवड्यातून किमान एक-दोनदा, वर्षानुवर्षे मिळाली तरच टिकते. रावेरहून, चाळीसगावहून जळगाव, साक्रीहून किंवा शिरपूरहून धुळे आणि धडगाव-अक्कलकुव्याहून सातपुड्याचे घाट उतरून नंदुरबार हे अंतर दर आठवड्याला तोडणे मजुरी करणाऱ्या कुटुंबाला शक्य नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत एक दिवस बुडाला की एका माणसाची मजुरी जाते, आणि अशा मुलाला घेऊन एकटी बाई प्रवास करू शकत नसेल तर दोघांची जाते. बसच्या गर्दीने, हॉर्नने आणि उन्हाने मूल तिथे पोहोचेपर्यंत इतके थकलेले असते की पाऊण तासाच्या थेरपीतला अर्धा वेळ त्याला शांत करण्यातच जातो. सुरुवातीला पालक नेमाने येतात, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, आणि मग केंद्राच्या वहीत ‘पालक येत नाहीत’ असा शेरा पडतो. हा शेरा अन्यायाचा आहे. पालकांना मुलाची ओढ नसते म्हणून ते थांबत नाहीत. अंतर त्यांना थांबवते.

हे मी केवळ सोयीसाठी मागत नाही. 2016 च्या कायद्याच्या 25 व्या कलमात शासनाने दिव्यांग व्यक्तींना, उत्पन्नाच्या ठरवलेल्या मर्यादेत, जवळच्या परिसरात आणि विशेषतः ग्रामीण भागात मोफत आरोग्यसेवा द्यावी असे लिहिलेले आहे. जवळच्या परिसरात या शब्दांचा अर्थ धडगावच्या माणसासाठी नंदुरबार असा लावता येणार नाही. चोपडा, शिरपूर, दोंडाईचा, नवापूर अशा ठिकाणी उपजिल्हा रुग्णालये उभी आहेत. जिल्ह्याच्या केंद्रातील थेरपिस्टने आठवड्यातील ठरलेला एक दिवस यांपैकी एका ठिकाणी बसावे, आणि तो दिवस शक्यतो त्या गावच्या बाजाराचा असावा, कारण त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतली माणसे तसेही गावात येतात. लागणारी साधने थोडी आहेत: एक सतरंजी, मोठा चेंडू, छताला टांगलेला झोका, चित्रांची कार्डे आणि बाहेरचा आवाज आत येणार नाही अशी खोली. लागते ते माणूस, आणि तो टिकायला हवा. अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नेमलेला थेरपिस्ट दुसरी नोकरी मिळताच निघून जातो, आणि माणूस बदलला की स्वमग्न मुलाला विश्वास बसायला पुन्हा कित्येक महिने लागतात. इतर रुग्णांच्या बाबतीत हा बदल केवळ गैरसोयीचा असतो, आमच्या मुलांच्या बाबतीत तो उपचारच मोडतो.

थेरपिस्ट घरी करायला जे सांगतात ते प्रमाण मराठीत सांगतात आणि लिहूनही तसेच देतात. जिच्या घरात अहिराणी किंवा पावरी बोलतात ती आई मान हलवते, पण घरी गेल्यावर काय करायचे हे तिला उमगलेले नसते. सूचना लिहून देण्याऐवजी आईच्याच मोबाईलवर तिच्या मुलासोबत करून दाखवलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ द्यावा, हे मी केंद्रात सुचवले होते आणि तिथल्या ताईंनी ते लगेच सुरूही केले. त्याचा उपयोग झालेला मी पाहिला आहे.

प्रवासापुरते सांगायचे तर एसटीत दिव्यांग प्रवाशाला 75 टक्के सवलत आहे, आणि दिव्यांगत्व 65 टक्के किंवा अधिक असेल तर सोबत्यालाही 50 टक्के. सौम्य स्वमग्नता असलेले मूलही एकटे प्रवास करू शकत नाही, मग सोबत्याची सवलत टक्केवारीवर का अवलंबून असावी? मार्च 2023 पासून महिलांना सरसकट अर्धे तिकीट झाल्याने आयांचा प्रश्न सुटला, पण ज्या घरात कमी टक्केवारीच्या मुलाला वडील घेऊन जातात तिथे त्यांना पूर्ण भाडे पडते. मूल वयात येऊ लागले, त्याचे बळ वाढले, की आईला ते एकटीने आवरत नाही आणि वडिलांनाच जावे लागते, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

निरामय आरोग्य विमा ही राष्ट्रीय न्यासाची योजना मला या सगळ्यांत सर्वांत उपयुक्त वाटते आणि खानदेशात तिची माहिती सर्वांत कमी आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय चाचणी करावी लागत नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नेहमीच्या विम्यात न बसणारी नियमित थेरपी व बाह्यरुग्ण उपचार तिच्यात, ठरलेल्या उपमर्यादेत, धरले जातात. दारिद्र्यरेषेखालील आणि वरील कुटुंबांसाठी शुल्क वेगवेगळे असले तरी दोन्हींकडे ते काही शे रुपयांचे आहे. वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असे मोजले जाते, म्हणून नूतनीकरण मार्चमध्येच उरकावे. पैसे आधी स्वतः भरून नंतर बिले पाठवावी लागतात, ही तिची उणीव आहे, कारण ज्यांच्याकडे आधी भरायला पैसे नाहीत त्यांच्यासाठीच तर ती आहे. थेरपिस्टच्या बिलावर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. तालुक्याच्या गावांत ‘थेरपी सेंटर’ असा फलक लावून बसलेल्यांपैकी किती जणांकडे हा क्रमांक आहे हे विचारण्याचा हक्क पालकांना आहे, आणि तो त्यांनी संकोच न करता वापरावा.

शाळेविषयी थोडक्यात लिहिते. 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि गट साधन केंद्रातील विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 च्या निकालात प्राथमिक स्तरावर दहा आणि माध्यमिक स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण सांगितले, आणि मार्च 2025 मध्ये राज्यांना ही पदे मंजूर करून जाहीर करण्याचे निर्देश दिले. माझ्या मुलाच्या शाळेत विशेष शिक्षक येतात ते अनेक शाळांच्या फेरीत येतात; त्यांची कळकळ खरी आहे, पण त्या भेटीतून वर्गशिक्षकाला हाताशी धरण्याइतका वेळ उरत नाही. वर्गशिक्षक भाऊंनी मात्र स्वतःहून त्याची जागा खिडकीपासून दूर, भिंतीकडे केली, रोजचा क्रम फळ्याच्या कोपऱ्यात चित्रांनी काढायला सुरुवात केली आणि घंटा होण्याआधी त्याला खूण करू लागले. त्यानंतर तो वर्गातून पळून जायचा थांबला. हे प्रशिक्षण प्रत्येक शिक्षकाला एक दिवसात देता येईल.

अठरा वर्षांनंतरचे चित्र सर्वांत विरळ आहे, आणि मुलगा बारा वर्षांचा झाल्यापासून मला त्याचीच धास्ती अधिक वाटते. कायद्याने सज्ञान झालेल्या स्वमग्न व्यक्तीसाठी पालकत्व हवे असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. संजय गांधी निराधार योजनेतील दिव्यांगांचे अनुदान 2025 मध्ये दरमहा 1500 वरून 2500 रुपये करण्यात आले, हे स्वागतार्ह आहे. शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगत्व या सर्वांना मिळून आहे. परंतु दिवसभर जाऊन बसायला, काही काम शिकायला, चार माणसांत राहायला तालुक्याच्या गावी जागा नाही. केळीच्या बागा, सूतगिरण्या, डाळमिल, रोपवाटिका असलेल्या या मुलुखात, एकच काम त्याच क्रमाने आणि न चुकता करण्याची ज्यांच्यात क्षमता आहे अशा तरुणांना काम देता येणार नाही असे मला वाटत नाही. त्यासाठी त्यांना शिकवणारा आणि मालकाला समजावणारा एक माणूस लागेल.

या सेवांना गुण द्यायचे झाले तर प्रमाणपत्राच्या अर्जाला पाचपैकी चार, तपासणीच्या दिवसाला दोन, निरामय योजनेला साडेतीन, शाळेला तीन आणि अठरा वर्षांनंतरच्या व्यवस्थेला एक. थेरपीला मी दोन भाग करून गुण देते: गुणवत्तेला साडेचार, पोहोचण्याच्या सोयीला एक.

पालकांनी करण्यासारखी एक गोष्ट लगेच हाती आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने, पंचायत समितीने आणि नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो वर्षअखेरीस सरसकट वाटून संपवला जातो. आमच्या परिसरातील काही पालकांनी मिळून असा अर्ज तयार केला आहे की, या निधीतून रिकाम्या वर्गखोलीत झोका, सतरंजी आणि चित्रकार्डे असलेली एक थेरपीची खोली करावी आणि थेरपिस्टला आठवड्यातून एकदा येण्याजाण्याचा खर्च द्यावा. अर्जासोबत यूडीआयडी कार्डांच्या प्रती आणि गावनिहाय मुलांची संख्या जोडली आहे. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत तो वाचला जाईल आणि त्याची एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पोचवली आहे. ज्यांना आपल्या गावासाठी असाच अर्ज द्यायचा असेल त्यांनी विषय ग्रामसभेच्या नोटिशीत आधी घालून घ्यावा, कारण ऐनवेळच्या विषयावर ठराव होईलच याची खात्री नसते.